बेळगावचे रान आणि बेळगावचा माळ: ७०-२०० एफ/२.८ लेन्स घ्यावी का?

निपाणीच्या एका हौशी छायाचित्रकारांनी विचारले आहे. त्यांच्याकडे निकॉनचा डी७२०० हा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत १८-१४० आणि ७०-३०० अशा दोन लेन्स आहेत (हे आकडे फोकल लांबीचे, मिलिमीटर म्हणजे एमएममध्ये; आकडा मोठा तितके लांबचे जवळ दिसते). लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका व्यावसायिकाकडून त्यांना निकॉनची जुनी ७०-२०० एफ/२.८ व्हीआर टू लेन्स बऱ्या किमतीत मिळते आहे. सुट्टीच्या दिवशी खानापूरच्या जंगलात प्राणी-पक्षी टिपावेत, जांबोटी-चोर्ला बाजूची निसर्गदृश्ये घ्यावीत आणि हिवाळ्यात घटप्रभेवर पाणपक्ष्यांसाठी जावे, असा त्यांचा बेत आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. २०० एमएम पुरेल का, की त्याऐवजी २००-५०० एफ/५.६ घ्यावी? निसर्गदृश्यांना एफ/२.८ चा उपयोग होतो का? आणि २एक्स टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा, फोकल लांबी दुप्पट करणारा जोड) लावला तर एकाच लेन्समध्ये दोन्ही कामे भागतील का?

प्रश्न लेन्सचा वाटत असला तरी खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आधी नीट मांडला तर उत्तराचा अर्धा भाग आपोआप सुटतो. आपले फोटो आज कशामुळे फसतात, प्रकाश अपुरा पडल्यामुळे की प्राणी फार लांब असल्यामुळे? एफ/२.८ ची लेन्स प्रकाश देते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर मोठे), अंतर कापत नाही. ५०० एमएमची लेन्स अंतर कापते, पण प्रकाशाच्या बाबतीत ती गरीबच असते. ही दोन निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांवर एक औषध चालत नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की ही दोन्ही दुखणी एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या अंतरात भेटतात. पश्चिमेला खानापूर तालुक्यातले घनदाट रान आहे, तिथे अंतर संपायच्या आधी प्रकाश संपतो. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी हा पर्जन्यछायेतला उघडा मुलूख आहे, तिथे प्रकाश भरपूर असतो पण पक्षी जवळ येऊ देत नाही. त्यामुळे आपण कुठे जास्त जाता, यावरच माझे उत्तर अवलंबून आहे. मी दोन्हीकडे बरीच वर्षे फिरतो आहे आणि पोटापाण्यासाठी लग्नकार्यांचे फोटोही काढतो, म्हणजे ७०-२०० एफ/२.८ माझ्या हातात रोजच असते. तेव्हा पुढचे सगळे या अनुभवातले आहे. आपली सवय वेगळी असेल तर निष्कर्षही थोडा वेगळा निघेल.

आधी रानाचे पाहू. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्या अवतीभवती जांबोटी, कणकुंबीपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाचा सलग पट्टा आहे. या जंगलात सकाळी आठ वाजता रस्त्यावर लख्ख ऊन असते आणि दहा पावले आत झाडीखाली संध्याकाळ असते. डोळ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. कॅमेऱ्याला तो तत्काळ जाणवतो. झाडीखाली आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ठेवून, एफ/२.८ वर मला साधारण १/२५० सेकंद शटर स्पीड मिळतो, अशी वेळ तिथे नेहमीचीच आहे. तोच प्रकाश, तोच आयएसओ आणि लेन्स एफ/५.६ ची असेल तर शटर १/६० वर येतो. दोन स्टॉपचा फरक म्हणजे चौपट प्रकाशाचा फरक. १/२५० ला चरणारा गवा स्वच्छ येतो. १/६० ला त्याने मान हलवली की डोळा पुसला जातो. शटर तेवढाच ठेवायचा म्हटले तर आयएसओ १२८०० करावा लागतो, आणि डी७२०० च्या सेन्सरवर त्या आयएसओला गव्याच्या काळ्या अंगावर नुसते रंगीत दाणे दिसू लागतात, केसांचा पोत नाहीसा होतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लेन्समधला व्हीआर आपल्या हाताचा कंप सावरतो, प्राण्याची हालचाल थांबवत नाही. म्हणून "व्हीआर आहे, १/३० लाही फोटो येतो" हे विधान देवळातल्या मूर्तीसाठी खरे आहे, शेकरूसाठी नाही. फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या शेकरूला किमान १/५०० तरी द्यावा लागतो आणि उडत्या धनेशाला त्याहूनही जास्त. अंधाऱ्या रानात हा वेग केवळ मोठ्या अ‍ॅपर्चरमधूनच मिळू शकतो, आणि तिथे एफ/२.८ ला पर्याय नाही.

आता त्याच रानातल्या अंतराचा हिशेब करू. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. २०० एमएमवर ३० मीटर अंतरावरच्या दृश्याची साडेतीन मीटर रुंदी चौकटीत मावते. पूर्ण वाढलेल्या गव्याचे अंग जवळजवळ तीन मीटर लांब असते, म्हणजे ३० मीटरवर उभा असलेला गवा आपली चौकट भरून टाकतो. त्याहून जवळ जायचे मुळात कारणच नाही. किंबहुना गव्याच्या ३० मीटर जवळ पायी असणे हेच शहाणपणाचे नाही. ५० मीटरवर तो निम्मी चौकट व्यापतो आणि भोवतालचे रानही दिसते, जे मला स्वतःला अधिक आवडते. सांबर, भेकर, चितळ यांचेही तसेच: रस्त्याच्या वळणावर किंवा पाणवठ्यावर ते दिसतात तेव्हा वीस ते पन्नास मीटरवर दिसतात, कारण त्यापुढे झाडीच दिसू देत नाही. दाट जंगलात नजर जिथवर पोहोचते तिथवर २०० एमएम पोहोचते, असे म्हटले तरी चालेल.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हे गणित बिघडते. उंबराला किंवा वडाला फळे धरली की धनेश त्यावर हमखास येतात. मोठा धनेश मीटरभर लांबीचा असतो. चाळीस मीटर अंतरावर, २०० एमएमवर तो चौकटीचा पाचवा भाग व्यापतो, आणि चोवीस मेगापिक्सेलमधून कापून घेतल्यावर चांगला मुद्रित फोटो मिळतो. पण त्याच झाडावरचा बुलबुल किंवा कुटुरगा एवढाच कापून घ्यायचा म्हटले तर हाती काही उरत नाही. छोट्या पक्ष्यांचे वेड असेल तर ७०-२०० घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

पूर्वेकडे गेल्यावर सगळा हिशेब उलटा होतो. गोकाक तालुक्यात धुपदाळच्या बंधाऱ्यामुळे साठलेल्या पाण्याभोवती घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे कांड्या करकोचे येतात, आणि ते उघड्या गाळावर किंवा कापणी झालेल्या शेतात माणसापासून पुरेसे अंतर राखून उतरतात. शंभर मीटर हे तिथे जवळचे अंतर समजावे. सुमारे ९० सेंटिमीटर उंचीचा हा पक्षी शंभर मीटरवरून २०० एमएमने टिपला तर ४००० पिक्सेल उंच चौकटीत तो जेमतेम ४६० पिक्सेल व्यापतो. ५०० एमएमने टिपला तर ११५० च्या आसपास. पहिल्यात पक्षी ओळखता येतो, दुसऱ्यात त्याच्या डोळ्यामागची पांढरी पिसेही दाखवता येतात. आणि प्रकाशाची तिथे अजिबात तक्रार नसते. सूर्य उगवून तासभर झाला की एफ/५.६ आणि आयएसओ ४०० वर १/१००० च्या पुढे शटर सहज मिळतो, म्हणजे एफ/२.८ साठी मोजलेले जादा पैसे आणि वाहिलेले वजन तिथे निव्वळ वाया जाते.

म्हणून मी विचारणाऱ्यांना नेहमी असे सुचवतो की लेन्स घेण्याआधी स्वतःचे जुने फोटो तपासावेत. आपल्याकडे ७०-३०० आहेच, तिनेच काम होईल. गेल्या वर्षभरात तिने काढलेले प्राणी-पक्ष्यांचे फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाची माहिती पाहा. किती फोटो पूर्ण ३०० एमएमवर काढले आणि तरी कापावे लागले? आणि किती फोटोंमध्ये आयएसओ वर चढलेला आहे, शटर १/१०० च्या खाली आहे आणि प्राणी हललेला आहे? पहिला गठ्ठा मोठा असेल तर आपल्याला अंतराची अडचण आहे, २००-५०० घ्या. दुसरा मोठा असेल तर प्रकाशाची अडचण आहे, ७०-२०० घ्या. दोन्ही गठ्ठे सारखे निघाले तर आपण जिथे जास्त जाता त्या जागेला कौल द्या. निपाणीहून घटप्रभा आणि जांबोटी दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारख्या आहेत, तेव्हा सोय हा निकष इथे लागू होत नाही. मन कुठे रमते तेच पाहावे लागेल. एक मात्र ध्यानात ठेवा, ७०-२०० घेतल्यावर आपल्या ७०-३०० पेक्षा आपली पोहोच शंभर एमएमने कमी होणार आहे. पैसे जास्त देऊन पक्षी लहान दिसू लागला की पहिल्या काही दिवसांत फार पस्तावा होतो, तो आधीच गृहीत धरलेला बरा.

टेलिकन्व्हर्टरचा प्रश्न इथेच घेतो. १.४एक्स जोडल्यावर ७०-२०० एफ/२.८ ही साधारण १००-२८० एफ/४ होते आणि एक स्टॉप प्रकाश जातो. २एक्स जोडल्यावर ती १४०-४०० एफ/५.६ होते आणि दोन स्टॉप जातात. असे का होते ते समजून घेतले तर जाहिरातींचा मोह कमी होतो. लेन्सच्या पुढून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास म्हणजे फोकल लांबीला एफ आकड्याने भागून येणारी संख्या. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिलिमीटर. कन्व्हर्टर लावला तरी छिद्र तेवढेच राहते, ४०० भागिले ५.६ पुन्हा ७१ च येतात. प्रकाश तेवढाच आणि प्रतिमा मोठी, म्हणून ती मंद होते. शिवाय कन्व्हर्टर लेन्सचे दोषही तेवढ्याच पटीने मोठे करून दाखवतो. माझ्या अनुभवात १.४एक्स या लेन्सवर चांगला चालतो. रानातही एफ/४ वर बरेच काम होते, म्हणून बॅगेत तो असावा. २एक्स लावल्यावर मात्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो मऊ येतो, तो सुधारण्यासाठी एफ/८ करावा लागतो, आणि एफ/८ करायचे असेल तर मुळात एफ/२.८ कशाला घेतली? घटप्रभेच्या भर उन्हात २एक्स निभावून नेतो, फोकस मात्र संथ होतो. एका लेन्समध्ये दोन्ही कामे भागवण्याचा हा मार्ग क्वचित जाणाऱ्यासाठी ठीक आहे, दर हिवाळ्यात करकोच्यांमागे जाणाऱ्यासाठी नाही.

छिद्राच्या याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मागची पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ/२.८ च हवी, असे सर्रास सांगितले जाते. २००-५०० चे छिद्र ५०० एमएमवर ८९ मिलिमीटर भरते, म्हणजे ७०-२०० च्या ७१ हून मोठे. एकाच जागी उभे राहून एकच प्राणी दोन्ही लेन्सनी टिपला तर ५०० एफ/५.६ च्या फोटोत पार्श्वभूमी जास्त धूसर येते. वीस मीटरवर, आपल्या सेन्सरसाठी, २०० एफ/२.८ ला एक मीटरहून थोडी जास्त खोली स्पष्ट मिळते आणि ५०० एफ/५.६ ला ३५ सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा केवळ मलईसारख्या पार्श्वभूमीसाठी एफ/२.८ घेत असाल तर तो हिशेब चुकीचा आहे. एफ/२.८ घ्यावी ती अंधारासाठी.

अंधाराबरोबर फोकसचाही मुद्दा येतो आणि तो बहुतेक जण विसरतात. डी७२०० सारखा आरशाचा कॅमेरा लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच फोकस करतो, फोटो घेण्याच्या क्षणी अ‍ॅपर्चर मिटते. एफ/२.८ ची लेन्स फोकस यंत्रणेला जास्त प्रकाश देते, शोधकातही (डोळा लावायच्या खिडकीतही) दृश्य उजळ दिसते, आणि झाडीतल्या भेकरावर फोकस पकडताना हा फरक लगेच कळतो. मधला फोकस बिंदू वापरा, तो सर्वांत भरवशाचा असतो. लेन्सच्या अंगावर फोकसची मर्यादा ठरवणारी कळ असते. रानात ती लांबच्या अंतरावर ठेवली तर समोरच्या गवताच्या काडीमागे लेन्स धावत राहत नाही. आणि एफ/२.८ वर दहा मीटरवर जेमतेम २८ सेंटिमीटर खोली मिळते, म्हणून फोकस अंगावर नाही, डोळ्यावरच घ्यायचा. लेन्स आणि कॅमेरा यांचा फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर तोही याच अ‍ॅपर्चरवर उघडा पडतो. डी७२०० मध्ये एएफ फाइन ट्यून (फोकसची ही चूक सुधारण्याची सोय) आहे, लेन्स घेतल्यावर पहिल्या आठवड्यातच ते तपासून घ्यावे. ७०-३०० वर एफ/५.६ ला हा दोष झाकून जात होता, त्यामुळे नवी लेन्स खराब निघाली असा समज करून घेऊ नये.

आता निसर्गदृश्यांकडे वळतो. इथे माझे उत्तर थोडे निराशाजनक आहे: ७०-२०० ही फोकल लांबी निसर्गदृश्यासाठी अतिशय उपयोगी आहे, एफ/२.८ मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे. चोर्ल्याच्या घाटमाथ्यावर उभे राहिले की सह्याद्रीच्या रांगा एकीमागे एक उतरत जातात. १८ एमएमने टिपले तर त्या रांगा चौकटीत बोटभर पट्टीएवढ्या उरतात आणि निम्म्याहून जास्त फोटो आकाशाने भरतो. १५० एमएमने त्यातल्या तीन-चार रांगाच निवडल्या तर प्रत्येक रांग आधीच्या रांगेहून फिकी होत गेलेली दिसते आणि घाटाची खोली डोळ्यांत भरते. लेन्स अंतर दाबून टाकते असे म्हणतात, प्रत्यक्षात लांब उभे राहिल्यामुळे तसे दिसते. लेन्स फक्त त्यातला तुकडा निवडते. निवड करता येणे हाच टेलिफोटोचा निसर्गदृश्यातला खरा उपयोग आहे. राजहंसगडावरून खालची शेते आणि त्यांवर हिवाळ्यात पहाटे उतरणारे धुके, गोकाकच्या धबधब्याच्या कड्यावर पाणी फुटते तेवढाच भाग, जांबोटीच्या डोंगरावर ढगाच्या फटीतून पडलेला उन्हाचा एक पट्टा, हे सगळे या लेन्सचे विषय आहेत.

या फोटोंना अ‍ॅपर्चर एफ/८ लागते. आपल्या सेन्सरवर २०० एमएम आणि एफ/८ ठेवून सुमारे २५० मीटरवर फोकस केला तर १२५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. ७० एमएमवर तेच ३० मीटरवर फोकस करून १५ मीटरपासून पुढे मिळते. एफ/११ पर्यंत जायला हरकत नाही. एफ/१६ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे चोवीस मेगापिक्सेलची धार बोथट होऊ लागते आणि हाती काही लागत नाही. मग एफ/२.८ वर खर्च कशाला? फक्त निसर्गदृश्यच करायचे असेल तर निकॉनचीच ७०-२०० एफ/४ पाहा. तिचे वजन ८५० ग्रॅम आहे आणि आपल्याला मिळणाऱ्या व्हीआर टू चे १५४० ग्रॅम. हा जवळजवळ दुप्पट फरक भीमगडाची चढण चढताना खांद्याला बरोबर कळतो. एफ/४ रानातही अगदीच टाकाऊ नाही, एफ/५.६ पेक्षा एक स्टॉप ती पुढेच आहे. निसर्गदृश्य आधी आणि प्राणी नंतर असा आपला क्रम असेल तर मी तीच घ्यायला सांगेन.

टेलिफोटोने निसर्गदृश्य टिपताना लेन्सपेक्षा हवा जास्त त्रास देते. फेब्रुवारी उलटल्यावर आपल्याकडे धुळीचा आणि वणव्याच्या धुराचा पडदा चढत जातो, आणि पाच किलोमीटरवरचा डोंगर २०० एमएमने टिपला की फोटोत डोंगराऐवजी मधली धूळच येते. यावर कोणतीही महाग लेन्स चालत नाही. वळवाचा चांगला पाऊस पडून गेल्यावरची पहिली सकाळ गाठा, तेव्हा हवा धुतलेली असते. तसे दिवस पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये येतात. दुसरा त्रास तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा. गोकाक-रायबागच्या काळ्या शेतजमिनीवर दहानंतर दूरचे काहीही थरथरू लागते, आणि ५०० एमएमला हा त्रास २०० पेक्षा जास्त होतो. फोटो मऊ आला की लोक लेन्सला दोष देतात, दोष बहुधा त्या हवेचा असतो. नुकतीच थांबवलेली गाडी असेल तर तिच्या बॉनेटवरून फोटो घेऊ नका, इंजिनाची ऊबही तेवढाच घोटाळा करते.

ट्रायपॉडवर लेन्स लावाल तेव्हा कॅमेरा नव्हे, लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीचे पाय असलेले कडे) ट्रायपॉडला जोडा. भार मध्यावर येतो आणि उभ्या चौकटीसाठी कॉलरमध्ये फक्त फिरवून घ्यावे लागते. व्हीआर बंद करा. वाऱ्यात हूड (लेन्सच्या पुढची झडप) काढून ठेवा, घाटमाथ्यावर हूड शिडासारखे वारा धरते. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) वापरत असाल तर तो ७७ मिलिमीटरचा लागेल. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी तो चांगली काढतो, पण दोन स्टॉपपर्यंत प्रकाश खातो, म्हणून प्राण्यांच्या वेळी तो आठवणीने उतरवावा. जंगलात गाडीतून टिपताना ट्रायपॉड कामाचा नाही. जाड कापडाच्या पिशवीत ज्वारी भरून ती खिडकीवर टाकावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी.

पावसाबद्दल आपण विचारले नाही, पण कणकुंबीसारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात जाणार असाल तर विचारायला हवे होते. या लेन्सला पाण्याच्या थेंबांपासून काही संरक्षण आहे, धो धो पावसासाठी ते नाही. वर प्लास्टिकचे आवरण घालावे, पुढे हूड असावेच. थेंबांपेक्षा मोठा धोका दमटपणाचा. एसी चालू असलेल्या गाडीतून एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते. घाटात शिरण्याआधीच एसी बंद करून काचा खाली कराव्यात. घरी आल्यावर ओली बॅग तशीच कपाटात ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत काचेवर बुरशीची जाळी दिसू लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जेल निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येते, मात्र तो तवा पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

जंगलातल्या वागण्याबद्दल थोडेच सांगतो. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. रात्री टॉर्चच्या उजेडात प्राणी शोधणे हा छायाचित्रणाचा भाग नाही. धनेशाची मादी विणीच्या काळात झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिचे अन्न पूर्णपणे नरावर अवलंबून असते. ढोलीसमोर माणसे तळ देऊन बसली तर नर फिरकत नाही. लेन्स कितीही लांबची असो, ढोलीचा फोटो सोडून द्यावा.

राहता राहिली ती समोर आलेली जुनी लेन्स. लग्नाच्या कामातून आलेली लेन्स म्हटल्यावर घाबरायचे कारण नाही, पण तपासणी त्या दृष्टीने करावी. या लेन्सनी हळदीचे कार्यक्रम, अक्षता आणि मांडवातली धूळ भरपूर पाहिलेली असते. झूमची आणि फोकसची कडी फिरवून पाहा, कुठे करकर वाजते किंवा मध्येच जड होते का? पुढच्या काचेवरचा लेप वारंवार पुसून विरला आहे का, हे तिरप्या उजेडात कळते. अ‍ॅपर्चर उघडे ठेवून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च टाका आणि पुढून पाहा: धुळीचे चार कण चालतील, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. त्यानंतर आपलाच कॅमेरा लावून एफ/२.८ वर, २०० एमएमला, दहा-पंधरा मीटरवरच्या छापील पाटीचे फोटो काढा आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांतली अक्षरे संगणकावर ताडून पाहा. एकच कोपरा सतत पुसट येत असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली असण्याची शक्यता आहे. या लेन्सची एक जन्मजात खोड लक्षात ठेवा, दीड-दोन मीटरवरच्या विषयाला ती २०० पेक्षा बरीच कमी फोकल लांबी देते, तो बिघाड नाही. रानातल्या अंतरांवर ही खोड जाणवतही नाही. व्हीआर चालू करून शटर अर्धवट दाबल्यावर शोधकातले दृश्य स्थिर होते का, तेही पाहा. बाकी सगळे ठीक असले आणि फक्त बुरशी निघाली, तर विकणारा किंमत निम्मी करतो म्हणाला तरी घेऊ नका, कारण साफ केल्यावरही ती काचेच्या लेपाला खाऊन गेलेली असू शकते आणि आपल्या हवेत पुन्हा धरायला तिला एक पावसाळा पुरतो.